भरतीच्या आकड्यासोबत तिचं शून्यही छापा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत लाउफेनबुर्गच्या पुलाविषयीचा चौकोन वाचला. स्वित्झर्लंड-जर्मनीच्या हद्दीवर नवा पूल बांधताना दोन काठांच्या उंचीत 54 सेंटीमीटरचा घोळ झाला, त्याची ती गोष्ट. ‘जर्मनही चुकतात’ असं म्हणून शेवटी अंधेरीच्या पुलावरून चिमटा काढलाय. चिमट्याला हरकत नाही, पण अंधेरीची भानगड निराळी. तिथे रेल्वेवरच्या पुलाची उंची वाढली आणि शेजारचा उड्डाणपूल खाली राहिला. चौकोनात पुढे लिहिलंय की, दोन देशांची समुद्रसपाटी वेगळी आहे हे लाउफेनबुर्गला कुणाच्या लक्षातच आलं नाही. हे मात्र चूक. लक्षात आलं होतं, म्हणून तर घोळ झाला.

मी आयुष्यभर लेव्हलिंगची, म्हणजे जमिनीच्या उंच-सखलपणाच्या मोजणीची कामं केली. पुतणी बाझलला असते. 2019 मध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा हट्टानं लाउफेनबुर्गला जाऊन आलो. काकांना टेकडीवरचा पडका किल्ला बघायचाय असं तिला वाटलं. गावाचं नाव एक, गावं दोन. ऱ्हाइनच्या अलीकडे स्वित्झर्लंड, पलीकडे जर्मनी. 1801 पर्यंत हे एकच गाव होतं, मग नेपोलियनच्या काळात नदीच हद्द ठरली. जुना पूल आता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. मुलुंड स्टेशनचा पूल गर्दीच्या वेळी ओलांडायला याहून जास्त वेळ लागतो. पुतणीनं पलीकडे जाऊन चीज घेतलं, जर्मनीत स्वस्त पडतं म्हणून, आणि आम्ही पिशवी घेऊन चालत स्वित्झर्लंडात परत. दोन्ही काठांचा कार्निव्हल अजून एकत्र होतो. तो करणारी मच्छीमारांची मंडळी स्वतःला 1386 सालची म्हणवते. जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या विजेच्या तारा एकत्र जोडल्या गेल्या त्याही इथेच, 1958 मध्ये. तारांना समुद्रसपाटी लागत नाही, हे त्यांचं भाग्य.

पुलाला लागते. जर्मनीची उंची ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे उत्तर समुद्राच्या पातळीवरून येते. स्वित्झर्लंडची येते मार्सेयच्या भूमध्य समुद्रावरून, जिनिव्हाच्या तळ्यातल्या एका खडकामार्फत. दोन्हींत 27 सेंटीमीटरचा फरक. नवा पूल आखणाऱ्यांना तो ठाऊक होता, हिशेबात धरलाही होता. फक्त अधिक-वजाचं चिन्ह उलटं पडलं. 27 मिटायच्या जागी 54 झाले, आणि 2003 मध्ये बांधकाम चालू असताना ते उघडकीला आलं. मग एका काठाची पातळी बदलून पूल जुळवला, 2004 मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. मी तिथे उभा राहून जोड शोधत होतो. काही दिसत नाही.

मला हसू आलं नाही, कारण माझे 14 चे 28 झाले होते. 1986, वडाळा, साठ मीटरची गटाराची लाइन. वरच्या तोंडाचा बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच ठरलेली खूण, 14 सेंटीमीटर खचलेला निघाला. मी तो पकडला म्हणून स्वतःवर खूश होतो. त्या खुशीत वजा करायचे ते मिळवले. पुस्तकात हिशेब चोख, राइज-फॉलची, म्हणजे चढ-उतारांची बेरीज जुळलेली. स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरणारा आमचा मदतनीस खलाशी चौथी पास नव्हता. पाइप बसल्यावर त्यानं वरून एक बादली पाणी ओतलं, थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, “सायेब, हे आपल्याकडंच येतंय.” चपला भिजल्यावर मला कळलं. सगळा खंदक पुन्हा खणावा लागला. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की आधी विचारतो: कुठून मोजलाय?

आता मूळ तक्रारीकडे येतो, आणि ती आपल्याच पानाबद्दल आहे. लाउफेनबुर्गला शून्यं दोन, तीही दोन देशांची. आमच्या एकट्या मुंबईत तीन. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरची उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून. बांधकामाच्या परवानग्यांत मात्र ‘सखल भूखंड 92 टी.एच.डी.पर्यंत भरावा’ असं असतं. ते 92 फूट टाउन हॉल डेटमचे, एशियाटिक सोसायटीच्या त्या इमारतीच्या नावाचे. डेटम म्हणजे उंची जिथून मोजायची ते शून्य. शून्य इतकं खोल धरलंय की समुद्राच्या काठची भराव घातलेली सखल जमीनसुद्धा त्यात 92 फुटांवर जाते. आणि भरतीचे आकडे चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. हे शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे.

आपण पावसाळ्यात पहिल्या पानावर छापता, ‘आज 4.8 मीटरची भरती’. नुसतंच. गेल्या जुलैत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो चौकोन सकाळी सातला आला. तळमजल्यावरच्या आजींनी नातवाला विचारलं, 4.8 मीटर म्हणजे किती? नातवानं पट्टीचा हिशेब सांगितला, पावणेसोळा फूट, म्हणजे दीड मजला. आजींनी देव्हारा, तांदळाचा डबा आणि लग्नातली पैठणी माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाठवली. मी समजावत होतो की ही लाट नव्हे, सरासरी समुद्रपातळीच्या वर ती सुमारे 2.3 मीटरच आहे. आणि धोका आहे तो वेगळाच: त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर नाल्यांची तोंडं भरतीच्या पाण्याखाली जातात आणि शहराचं पाणी बाहेर पडत नाही. आजी म्हणाल्या, “पेपरात छापलंय ना?” पैठणी चार दिवस माझ्या कपाटात होती.

उलटंही होतं. आठवडाभर 4.8, 4.7 छापून येतं, पाऊस नसल्यामुळे काही घडत नाही, मग लोक चौकोन वाचायचे थांबतात. पुढे 4.3 ची भरती आणि धो धो पाऊस एकत्र आले की सगळे कुर्ल्यात अडकतात.

म्हणून विनंती एवढीच. भरतीच्या आकड्याखाली एक ओळ बारीक टाइपात छापावी: ‘उंची चार्ट डेटमपासून, सरासरी समुद्रपातळीपासूनच्या उंचीसाठी सुमारे 2.5 मीटर वजा करावेत.’ ‘वजा’ हा शब्द ठळक असावा, मिळवणारे माझ्यासारखे असतात. जागा नसेल तर शेजारच्या राशिभविष्यातली एक ओळ कापा. मकर कापलीत तरी चालेल, ती माझीच रास आहे.

– एक निवृत्त लेव्हल सर्व्हेअर,
मुलुंड (पूर्व), मुंबई