लेक्चर मोबाइलवर, पण बसायचे कुठे?

महोदय,

ऑनलाइन शिक्षणामुळे विद्यापीठे ओस पडतील, अशी चिंता हल्ली वरचेवर वाचायला मिळते. आमच्याकडचे बी.ए.चे वर्ग मोबाइल हाती यायच्या आधीपासूनच ओस आहेत, तेव्हा त्याचे खापर एकट्या मोबाइलवर नको.

माझ्या मुलाचे नाव तालुक्याच्या कॉलेजात, मुक्काम छत्रपती संभाजीनगरात. कॉलेजचे तोंड परीक्षेपुरते पाहतो. तिकडे एका खासगी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून त्याने खुर्ची धरली आहे, आणि त्या खुर्चीवर बसून ऐकतो काय, तर मोबाइलवरचे फुकटातले लेक्चर! ‘‘मग घरीच ऐक की,’’ म्हटले. तर म्हणाला, ‘‘अण्णा, इथं शेजारचा उठत नाही तोवर आपल्यालाही उठू वाटत नाही.’’ यावर मला काही बोलता आले नाही.

१९५८ पर्यंत आमची मराठवाड्यातली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे विद्यापीठ औरंगाबादला आले, १९९४ मध्ये नांदेडलाही झाले. आता लेक्चर तर थेट खिशात आले आहे. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२१ मध्येच दिली. ते खुशाल घ्यावेत. नाहीतरी प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिकाम्याच आहेत.

पण आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. घरात फोन एकच, तो बापाबरोबर कारखान्यावर. पोरगी आजीपाशी राहते, नाहीतर कोयता घेऊन त्यांच्यामागे जाते. तिला ॲपचा काय उपयोग? वसतिगृहात एक खाट आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तर तिचे वर्ष वाचेल.

म्हणून विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी आता फळ्यापुढच्या तासापेक्षा खाट, मेस आणि ग्रंथालय यांवर पैसा घालावा. रिकामे वर्ग रात्री अकरापर्यंत अभ्यासाला उघडे ठेवावेत, अडलेले विचारायला एखादे सर किंवा मॅडम पाळीने तिथे बसाव्यात. याला नवी इमारत लागत नाही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथालय आहे, पुस्तकेही बरी आहेत. फक्त संध्याकाळी पाचला त्याला कुलूप लागते.

– एक पालक, जि. बीड