बैलाचा धूर आणि माठातलं पाणी

महोदय,

गेल्या जुलैत लेकीकडे अमेरिकेत होते. जावयांनी तिथल्या डरहॅम शहराच्या ‘डरहॅम बुल्स’ (बुल्स म्हणजे बैल) संघाचा बेसबॉल सामना दाखवला. संघ दुय्यम लीगचा, तरी मैदान दहा हजार प्रेक्षकांचं. रात्री आठलाही घामाच्या धारा. खेळातलं ओ की ठो कळलं नाही. बुल्सचा होमरन (फटका थेट कुंपणापार) झाला की कुंपणावरचा भला थोरला खोटा बैल डोळे लाल करून नाकातून धूर सोडतो, एवढं कळलं! सातव्या डावात सगळे उठून आळस देतात, गातात. माझ्या गुडघ्यांना ही प्रथा फारच मानवली.

इथे मे महिन्यात नातवाला रात्रीच्या क्रिकेट सामन्याला नेलं, तर दारातच पाण्याची बाटली काढून घेतली. बैल नको, आयोजकांनी निदान चार माठ तरी भरून ठेवावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे