बोपा, त्या मनुकांबद्दल

प्रिय बोपा,

तुला मराठी येत नव्हतं, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. आईला तुझ्याशी जे बोलायचं होतं ते तिच्या चार वाक्यांच्या इंग्रजीत कधी मावलंच नाही. तिचं राहिलेलं आणि माझं, दोन्ही इथे एकदमच.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, बोपा हे तुझं नाव नव्हे. साउथ वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत शेजारच्या बाईला, नातं नसलं तरी, मुलं बोपा म्हणतात. आपल्याकडच्या मावशीसारखं. आमचं मार्डी गाव ऱ्होंडाच्या धाकट्या खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला. तिकडे यायला ब्रिटिश डॉक्टर फारसे तयार नसत, म्हणून त्या खोऱ्यांतल्या कितीतरी दवाखान्यांत भारतातून गेलेले डॉक्टर होते. बाबा त्यांतलेच. ते रात्री-अपरात्री व्हिजिटला जायचे आणि रत्नागिरीहून आलेली आई पाऊस बघत बसायची. डोंगरावरच्या मेंढ्या गल्लीत उतरून कचऱ्याचे डबे उलथवायच्या. तेवढंच काय ते तिला गावाकडल्यासारखं वाटायचं.

तुझी आणि आमची भिंत एकच. आईला कोळसा पेटवायला तूच शिकवलंस. चिमणीला ओढ लागावी म्हणून शेगडीच्या तोंडावर वर्तमानपत्राचा कागद धरायचा आणि तो पिवळा पडायला लागला की झटकन काढायचा. आईने पहिल्या आठवड्यात तीन पेपर जाळले. मग एकदा तिने तुझा बेकस्टोन पाहिला, ज्यावर तू मनुका घातलेले चपटे वेल्श केक भाजायचीस. "अगो बाई, हा तर बिडाचा तवा!" पुढच्याच आठवड्यात तुझ्या तव्यावर आईची घावनं पडली. तुझ्या यजमानांनी त्यांना जॅम लावून खाल्लं. आईने ते सहन केलं.

मार्च १९८४ मध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. एरवी कामगारांच्या वाटणीच्या कोळशाचा ढीग लॉरी दारासमोर रस्त्यावरच ओतून जायची आणि सगळं घर बादल्यांनी तो मागच्या 'कुच'मध्ये भरायचं. कुच म्हणजे कोळशाची कोठडी, आणि कुच म्हणजे मिठीसुद्धा. तुझ्याकडे दोन्ही असायच्या. संपात लॉरी बंद झाली. खाणीतून कोळसा काढण्यात आयुष्य गेलेली माणसं टिपावर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मालाच्या डोंगरावर, हातांनी उकरून कोळसा वेचू लागली.

मी मात्र रोज शाळेतून सरळ तुझ्याकडे यायचे आणि गरम वेल्श केक खायचे. एक दिवस मी विचारलं, "आज मनुका इतक्या कमी का?"

तू म्हणालीस, "मनुकासुद्धा संपावर गेल्यात, बाळा."

मी खो खो हसले. ते पीठ, ती साखर संपकऱ्यांना मिळणाऱ्या मदतीच्या पिशवीतून येत होती, आणि ती पिशवी तुमच्या घरालाच आठवडाभर पुरत नव्हती. हे मला आईने सांगितलं, तेव्हा मी कॉलेजात होते. आईला तेव्हाच कळलं होतं. पण तुला पैसे देऊ केले असते तर तू पुन्हा दार उघडलं नसतंस, हेही तिला कळत होतं. रिकामं ताट परत करायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज तिच्या कामी आला. तुझं ताट परत जाताना त्यात अंडी, बटाटे, कधी मटणाचा तुकडा असायचा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा केक घेऊन यायचं. वर्षभर तुम्ही दोघी अशा भांडत होतात, एका शब्दाशिवाय.

५ मार्च १९८५ ला माणसं बँड आणि झेंड्यामागून कामावर परत गेली. मार्डीतल्या एकानेही संप मोडला नव्हता. तू मला कडेच्या भिंतीवर उभं केलंस आणि माझा पाय घट्ट धरून ठेवलास. ते हरून जातायत हे मला कळलं नाही. मला बँड आवडला. डिसेंबर १९९० मध्ये खाण बंद झाली. पन्नासहून जास्त खाणी पाहिलेल्या ऱ्होंडातली ती शेवटची.

बेकस्टोन तू आईला दिलास, आता तो माझ्याकडे आहे. जड आहे, मनगट दुखतं.

मनुका कमी असल्याची माझी तक्रार, बोपा, मी मागे घेते.

तुझीच,
शेजारच्या डॉक्टरची मुलगी