पान उघडल्यावरही आपण थांबला नाहीत, त्याबद्दल

सोलापूर

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्या टॉवेल कारखान्याची ऑर्डर घेणारी आणि बिल काढणारी स्क्रिप्ट अचानक बंद पडली, तेव्हा आपण सलग दोन संध्याकाळी अक्कलकोट रोडवरील आमच्या ऑफिसात बसून ती पुन्हा सुरू करून दिलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार. नाव लिहू नका असे आपण बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही.

आमची स्क्रिप्ट ज्यांच्या सर्व्हरवर चालते त्या होस्टिंग कंपनीने तिथले पीएचपी, म्हणजे स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिली आहे ती, रातोरात ७.४ या आवृत्तीवरून ८ वर नेले आणि सकाळी स्क्रिप्टच्या जागी नुसते पांढरे पान दिसू लागले. घाबरून मी फाइलमध्ये दिसेल ते बदलायला निघाले होते. आपण फोनवरच मला थांबवले, आधी सगळ्या फाइल्सची आणि डेटाबेसची प्रत काढायला लावली आणि संध्याकाळी आल्यावर सर्वप्रथम एरर लॉग, म्हणजे सर्व्हर चुका नोंदवतो ती फाइल, उघडला. शेवटच्या ओळीतच कारण होते: 'ईच' नावाचे फंक्शन (भाषेतली तयार आज्ञा) सापडत नाही, आणि पुढे फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक. हे फंक्शन ७.२ पासूनच मोडीत निघाले होते आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० मधून ते काढूनच टाकले गेले, हे मला तेव्हा कळले. त्या रात्रीपुरते आपण कंट्रोल पॅनेलमधून ७.४ पुन्हा लावून दिले, म्हणून ऑर्डरी थांबल्या नाहीत, मात्र ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाले आहे, तेव्हा तिथे मुक्काम करायचा नाही, असेही स्पष्ट सांगितले.

दुसऱ्या संध्याकाळी 'ईच'च्या जागी तेच काम करणारे 'फोरईच' आले, नव्या आवृत्तीवर पान उघडले आणि मला वाटले, काम झाले. खरे उपकार त्यानंतरचे आहेत. आपण मागच्या महिन्यातील वीस ऑर्डरी निवडल्या, त्या आपल्या लॅपटॉपवर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर चालवल्या आणि निघालेली बिले टेबलावर जोडीजोडीने मांडली. नग, दर, जीएसटी, एकूण रक्कम, सगळे पैशापैशाने जुळत होते. हुबळीच्या एका व्यापाऱ्याच्या बिलावर मात्र आपले बोट थांबले. कोपऱ्यात भाड्यापुढे एका कागदावर 'टू-पे' (भाडे माल घेणारा देणार) होते, दुसऱ्यावर 'पेड' (भाडे आधीच भरले). त्यानंतर शोधले तेव्हा आणखी चार बिले तशीच निघाली.

भाड्याचा रकाना रिकामा असेल तर भाडे माल घेणाऱ्याने द्यायचे, ही आमची जुनी रीत. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'भाडे शून्याइतके आहे का' एवढीच तपासणी होती. पीएचपी ७ रिकामा रकाना आणि शून्य सारखेच मानत असे. ८ तसे मानत नाही. त्यामुळे तपासणी उलटत होती, आणि तरीही लॉगमध्ये एक अक्षर उमटत नव्हते, कारण भाषेच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. ते बिल तसेच गेले असते तर ट्रान्सपोर्टवाल्याने हुबळीत भाडे मागितले असते, व्यापाऱ्याने आमचे 'पेड' छापलेले बिल पुढे केले असते, आणि वडिलांच्या काळापासून आमचा माल घेणाऱ्या माणसापुढे आम्ही खोटे ठरलो असतो. बंद पडलेली स्क्रिप्ट निदान दिसते तरी. ही चूक आम्हाला तक्रार येईपर्यंत दिसली नसती.

आपण ती ओळ बदलून 'रकाना रिकामा आहे का' हे वेगळे विचारायला लावले, वर मराठीत त्याचे कारण लिहून ठेवले, आणि तीच वीस बिले पुन्हा काढून सगळी जुळल्यावरच उठलात. तोवर दहा वाजून गेले होते आणि आपल्याला होटगी रोडपर्यंत जायचे होते.

त्या वीस ऑर्डरी मी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवल्या आहेत. होस्टिंग कंपनीची पुढच्या बदलाची सूचना आली आहे. या वेळी ती मी वाचली, आणि रविवारी आमच्या संगणकावर नवी आवृत्ती लावून वीसही बिले काढून पाहणार आहे. एखादे जुळले नाही, तर दोन्ही कागद घेऊन आपल्याकडे येईन.

आपली कृतज्ञ,
अक्कलकोट रोडवरील एक टॉवेल उत्पादक