किडनी द्यायला माणूस तयार आहे, तपासण्याच संपत नाहीत

मा. आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

किडनी निकामी झालेल्या माणसाला भाऊ, बायको, मैत्रीण असं कुणीतरी किडनी द्यायला पुढे येतं, आणि तरीही शस्त्रक्रियेची तारीख महिनोन्‌महिने लागत नाही. दाता न मिळणं हे दुर्दैव आहे. मिळालेला दाता तपासण्यांच्या फेऱ्यांत गमावणं मात्र टाळता येतं, आणि ते आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

वाट पाहण्याच्या या महिन्यांत रुग्ण जागच्या जागी थांबलेला नसतो, त्याची प्रकृती उतरत असते. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. म्हणजे निरोगी किडन्या जे काम रात्रंदिवस करतात, ते यंत्राला आठवड्याच्या बारा तासांत उरकावं लागतं. दोन डायलिसिसमध्ये जिथे दोन दिवसांचा खंड पडतो, त्याच्या शेवटी साचलेलं पाणी आणि वाढलेलं पोटॅशियम यांनी हृदयावर ताण येतो. मृत्यूचं प्रमाण नेमकं तेव्हा वाढतं. त्यातच हिमोग्लोबिन उतरलं की अनेकदा सरळ रक्त चढवलं जातं. प्रत्येक पिशवीबरोबर परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज तयार होण्याची शक्यता असते, आणि एरवी चालला असता तो दाता क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज आहेत का या तपासणीत, बाद होतो. लोह आणि एरिथ्रोपोएटिन (शरीराला रक्तपेशी बनवायला लावणारं संप्रेरक) यांची इंजेक्शनं वेळेवर मिळाली, तर हे पुष्कळ अंशी टळतं. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्याला ही औषधं कधीच कमी पडता कामा नयेत.

आता तपासण्यांविषयी. आज एक, तिचा अहवाल आल्यावर दुसरी, मग तिसऱ्या विभागाची तारीख, अशी रांग लागते. अगदी शेवटी सीटी अँजिओग्राफीत किडनीच्या रक्तवाहिन्यांची रचना अडचणीची निघते आणि पुढच्या दात्यापासून सगळं पहिल्यापासून. तोवर रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाच्या तपासण्या जुन्या झालेल्या असतात, त्याही पुन्हा कराव्या लागतात. रक्तगट, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ), लघवीतलं प्रथिन आणि पहिला क्रॉसमॅच एकाच भेटीत व्हावेत. दोघे-तिघे तयार असतील तर त्या सगळ्यांचे एकदम. त्यातून जो योग्य ठरेल, त्याच्याच पुढच्या मोठ्या तपासण्या कराव्यात. आणि पहिल्या भेटीपासून निर्णयापर्यंत किती आठवडे, याची मर्यादा आपण लेखी ठरवून द्यावी.

चोवीस तासांच्या लघवीचं उदाहरण घ्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटचीही. दात्याच्या हातात कॅन दिला जातो, पण ही पद्धत कुणी समजावत नाही. दुपारची एक लघवी बाहेर गेली की क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती गाळते याचा आकडा, खोटाच कमी येतो आणि धडधाकट माणूस अपात्र ठरतो. कॅनमधलं एकूण क्रिएटिनिन दात्याच्या वजनाच्या मानाने फारच कमी असेल, तर संकलन चुकलं हे प्रयोगशाळेला कळू शकतं. मग नकार देण्याआधी फेरतपासणी सक्तीची का नसावी?

घाई म्हणजे दबाव नव्हे, हेही स्पष्ट लिहायला हवं. दात्याशी नातेवाइकांशिवाय, एकट्याने बोलणारा आणि रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसलेला माणूस प्रत्येक केंद्रात असावा. दात्याने माघार घेतली तर घरच्यांना फक्त 'दाता योग्य नाही' एवढंच कळावं.

रक्तगट जुळत नाही किंवा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो, तिथे दाता परत पाठवला जातो. गरोदरपणामुळे पतीच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज झालेल्या बायकांना हे वारंवार सोसावं लागतं. अशांसाठी स्वॅप प्रत्यारोपण आहे: या जोडीचा दाता त्या रुग्णाला, त्या जोडीचा दाता या रुग्णाला. दक्षिण कोरियात ते 1991 मध्ये सुरू झालं. पण एकेका रुग्णालयाच्या दहा-वीस जोड्यांत जुळणी सापडणं कठीण. देशभराची एकच यादी लागते. त्यातही ओ गटाचे रुग्ण मागे राहतात, कारण त्यांना ओ गटाचाच दाता लागतो, आणि ओ दाता सहसा आपल्या रुग्णाला थेट देऊ शकतो, त्यामुळे यादीत येतच नाही. म्हणून जुळणाऱ्या जोड्यांनाही, त्यांना अधिक चांगली जुळणी मिळत असेल तर, यादीत यायचा मार्ग द्यावा. दोन्हीकडच्या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी व्हाव्यात, म्हणजे मधेच कुणाला मागे फिरता येणार नाही.

आणखी एक. ईजीएफआर (रक्ततपासणीवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) 20 च्या आसपास येताच रुग्ण आणि कुटुंबाशी जिवंत दात्याविषयी बोलणं सुरू व्हावं. तसं झालं तर डायलिसिस लागण्याआधीच प्रत्यारोपण शक्य होतं. आज बहुतेकांना हा पर्याय कळतो तो डायलिसिससाठी मानेत कॅथेटरची नळी बसल्यावर.

किडनी देण्याच्या शस्त्रक्रियेत दात्याच्या मृत्यूचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. तो लहान आहे, पण शून्य नाही, आणि तो दात्याला आकड्यांतच सांगावा. कामावर परतायला चार ते सहा आठवडे लागतात, अंगमेहनतीचं काम असेल तर जास्त. त्या काळाची भरपगारी रजा किंवा बुडालेली मजुरी सरकारने द्यावी. हा किडनीचा मोबदला नव्हे, झालेल्या नुकसानीची भरपाई आहे. पुढे दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासणं आयुष्यभर मोफत असावं, आणि त्याची आठवण केंद्राने दात्याला करून द्यावी.

वेळमर्यादेचा आदेश आणि देशव्यापी स्वॅप यादी, या दोन गोष्टींवर आपलं लेखी उत्तर आम्हाला हवं आहे.

आपले,
डायलिसिसवरचे रुग्ण, किडनीदाते आणि त्यांचे कुटुंबीय