शिवीमागे दहा रुपये देणाऱ्यांचे आभार

ऑनलाइन ट्रोलांच्या शिव्यांचा हिशेब ठेवून प्रत्येक शिवीमागे ठरलेले पैसे रक्तपेढीला, शाळेला, वृद्धाश्रमाला पोचवणाऱ्या, आणि पावतीखेरीज कुठेही नाव न येऊ देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

ही युक्ती जुनीच. जर्मनीतल्या वुनझीडेल गावात नोव्हेंबर २०१४ मध्ये नवनाझींचा मोर्चा निघाला, तेव्हा मोर्चा चालेल त्या प्रत्येक मीटरमागे १० युरो देणगी तिथल्या लोकांनी कबूल केली होती. मोर्चेकऱ्यांच्या चालण्यातून १०,००० युरो जमले आणि गेले ते त्याच विचारातून बाहेर पडणाऱ्यांना हात देणाऱ्या संस्थेला!

विशेष आभार कमाल रक्कम आधीच लिहून देणाऱ्यांचे. ‘शिवीमागे १० रुपये, महिन्याला ५०० च्या वर नाही’ हे ठरलेलं नसलं, की बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, एका रात्रीत शेकडो प्रतिक्रिया ओततात आणि देणारा हात आखडता घेतो. मोजणाऱ्यांचं काम त्याहून किचकट: आधी तारखेसह स्क्रीनशॉट, मगच ब्लॉक, एका खात्याची दिवसाला एकच शिवी धरायची, टीका, कितीही झोंबली तरी, मोजायची नाही. धमकी तर मोजायचीच नाही, ती सायबर पोलिसांकडे.

पैसे कुणा एकाच्या यूपीआयवर न घेता थेट संस्थेच्या खात्यात टाकायला लावणाऱ्या हिशेबनीसांचेही आभार. २,००० च्या वर रोख दिले तर आयकरात देणगीची वजावट मिळत नाही, नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हे प्रत्येकाला न कंटाळता समजावलंत.