दीपगृहाला रोषणाई कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या दीपगृहांभोवती सार्वजनिक उद्याने होत आहेत, हे चांगलेच आहे. आवार कुलूपबंद राहून तण माजण्यापेक्षा मनोऱ्याच्या पायथ्याशी पोरे बागडलेली केव्हाही बरी. माझी तक्रार पुढची आहे. उद्यान आले की सुशोभीकरण येते आणि मग कुणाला तरी मनोऱ्यावर रंगीत झोत सोडायची, नाहीतर भिंतीवर चित्रे काढायची हुक्की येते.

माझी नोकरी व्यापारी जहाजांवर झाली. रात्री किनाऱ्यावर दिवा दिसला की ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या कक्षात, स्टॉपवॉच काढायचे. चमक दिसताच बटण दाबायचे, पुढची दिसली की थांबवायचे आणि आलेले सेकंद दिव्यांच्या यादीशी ताडून पाहायचे. एकदा मोजून भागत नाही; तीनदा तरी जुळले पाहिजे. साडेसात सेकंदांनी एक चमक म्हणजे अमेरिकेतले केप हॅटरस. ही लय म्हणजेच दीपगृहाचे नाव. मागे किंवा शेजारी रंगीत दिवे उघडझाप करू लागले, की ते नाव वाचता येत नाही. ‘आता जीपीएस आहे की!’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की उपग्रहाचे सिग्नल बिघडतात, मुद्दाम बिघडवलेही जातात. अशा वेळी डोळेच कामी येतात.

रंगाचेही तेच. हॅटरसच्या मनोऱ्यावरचे काळे-पांढरे नागमोडी पट्टे ही कुणा चित्रकाराची लहर नव्हे. त्या किनाऱ्यावरचे उंच मनोरे दिवसा दुरून सारखेच दिसत, म्हणून १८७३ मध्ये प्रत्येकाला वेगळी ओळख दिली गेली: हॅटरसला पीळ, बोडी आयलंडला आडवे पट्टे, केप लुकआऊटला चौकटच्या पत्त्यासारखी नक्षी. करिटकच्या विटा तर मुद्दाम उघड्याच ठेवल्या. रंग न देणे हीच त्याची खूण! लुकआऊटचे काळे चौकट उत्तर-दक्षिणेला आहेत आणि पांढरे पूर्व-पश्चिमेला, म्हणजे नक्षीवरून दिशाही कळते. अशा भिंतीवर उद्या डॉल्फिन रंगवले तर?

कला हवीच असेल तर स्पेनमधल्या ‘टॉवर ऑफ हर्क्युलिस’चे आवार पाहावे. मनोरा मूळचा रोमन काळातला, दिवा अजून चालू, २००९ पासून जागतिक वारसा यादीत. शिल्पे आहेत, पण ती भोवतालच्या मोकळ्या माळावर. मनोऱ्याला कुणी काही चिकटवलेले नाही.

उद्यानात दिवे लागणारच, अंधारात ठेचकाळायला कोण येईल? पण ते बुटके असावेत, वरून झाकलेले असावेत, उजेड पायवाटेपुरता पडावा. ढगाळ रात्री स्थलांतर करणारे पक्षी उजेडाभोवती घिरट्या घालून दमतात, आपटून मरतात. त्यांचाही त्रास कमी होईल.

आणखी एक. प्रवेशद्वारावरच्या फलकावर बांधकामाचे साल असते, उंची असते, पायऱ्यांची संख्यासुद्धा असते. दिवा किती सेकंदांनी चमकतो, हे मात्र मला क्वचितच लिहिलेले आढळले. तेवढी एक ओळ रंगवून घ्यायला फार खर्च येणार नाही.

आपला,
एक निवृत्त नाविक